देवाजीभाऊंचा खांब

मी वेबसाइट तयार साच्यातून काढत नाही, कोडची ओळ न् ओळ हाताने लिहिते, हा माझा माज तुम्हाला ठाऊकच आहे. तर नवेगाव बांधच्या देवाजीभाऊंनी तलावाकाठी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि वेबसाइट मला करायला सांगितली. त्यांनी दिलेला खोल्यांचा फोटो छान होता, पण मधोमध विजेचा खांब. फुकटातलं फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअर घेऊन मी दोन दिवस तो खांब पुसत बसले. काम इतकं बेमालूम झालं की मीच स्वतःवर खूश!

भाऊंना लॅपटॉपवर दाखवलं. ते स्क्रीनजवळ वाकून काहीतरी शोधायला लागले.

"बाई, खांब कुठी गेला?"

"काढला ना, भाऊ."

"काऊन काढला? त्या खांबासाठी सहा वर्सं विजेच्या हापिसात चकरा मारल्या मी!"

"पण फोटोत वाईट दिसतो तो."

"दिसू द्या ना जी. पाहुणे पहिले हेच विचारतेत, लाइट आहे का?"

मी कोडमधली एक ओळ बदलून जुना फोटो परत लावला. भाऊंनी तो डोळे भरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "खांबावर दिवा काही हापिसवाल्यायनं लावला नाही. तेवढा तुमच्या सॉफ्टवेअरनं लावून द्या."