तीन बोटांचा हात

मी, खाली सही करणारा, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी (चिपची आतली जोडणी लिहिणे), राहणार कारखान्यामागील वसाहत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या कारखान्यात मी सहा वर्षे आहे. मयत हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, प्रेस नंबर चारचे ऑपरेटर. मला नोकरीला भाऊजींनीच लावले.

प्रत्येक प्रेसवर कॅमेरा आहे. साच्याखाली हात दिसला की प्रेस थांबते. हात ओळखण्याचे काम एक चिप करते. तिची आतली जोडणी कायमची नसते. पुसून दुसरी भरता येते. हात ओळखायला शिकवलेले संगणकाचे मॉडेल मोठे होते, चिप लहान. मोठी चिप कारखान्याच्या साहेबांनी मंजूर केली नाही, म्हणून मी मॉडेल छाटून निम्मे केले. चाचणीला माझाच हात धरला. चाळीस वेळा धरला, चाळीसही वेळा ओळखला.

भाऊजींच्या उजव्या हाताची दोन बोटे जुन्या अपघातात गेली होती. महिन्यापूर्वी जेवताना ते म्हणाले, "तुझं यंत्र माझा डावा हात ओळखतं, उजवा नाही. तीन बोटांना हात म्हणत नाहीत का रे तुमच्याकडे?" सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितले. पुढे बघू म्हणाले. मी लेखी दिले नाही. घरी बसून तीन बोटांचा हातही ओळखणारी नवी जोडणी तयार केली. ती भरायला प्रेस वीस मिनिटे बंद ठेवावी लागते. ऑर्डर निघेपर्यंत बंद ठेवता येणार नाही, असे साहेब म्हणाले. मी पुन्हा विचारले नाही. जोडणी माझ्याकडे नऊ दिवस पडून होती.

घटनेच्या दिवशी सकाळी १०.५० वाजता भाऊजींचा उजवा हात साच्याखाली असताना प्रेस थांबली नाही. मी पोचलो तेव्हा रक्त फार गेले होते, पण भाऊजी शुद्धीवर होते. "तुझ्या ताईला इथं आणू नकोस," एवढेच बोलले. त्यांना गाडीत घातले. गाडीत जागा होती. मी बसलो नाही, कारण साहेबांनी हाक मारली. साहेब म्हणाले, "पोलीस यायच्या आत नवी भर. झालं ते झालं, बाकीच्यांच्या पोटाचा विचार कर."

११.२० वाजता मी जुनी जोडणी पुसून नवी भरायला घेतली. ११.३५ वाजता भाऊजी रस्त्यातच वारले. ११.४० वाजता काम संपले.

पंचनाम्याच्या वेळी प्रेस प्रत्येक वेळी थांबली, हे खरे आहे. त्या सकाळची जोडणी आता कुठेही नाही. तिची प्रतही मीच काढून टाकली. असे काही घडलेच नाही, असे साहेब म्हणतात. माझ्या तोंडच्या शब्दांशिवाय माझ्याकडे पुरावा नाही.

मी गाडीत बरोबर होतो, अशी ताईची समजूत आहे. ते वाटेत काय बोलले, हे ती रोज विचारते. मी रोज काहीतरी सांगतो.

या जबाबाची नक्कल मयताच्या पत्नीस मिळते काय, असे मी विचारले. अर्ज केल्यास मिळते, असे मला सांगण्यात आले.

जबाब मला वाचून दाखवला. काही वगळायचे आहे काय, असे विचारले असता मी नाही म्हणालो. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते बरोबर आहे.