पत्ता सगळ्यात शेवटी

...आणि वर सासरेबुवा मलाच म्हणतात, "जावईबापू, ज्या गाढवानं हे केलं ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा." आता मी समोरच उभा की हो, हातात कोमट मीठपाण्याचा पेला घेऊन! त्यांचा गाल हा असा सुजलेला, दाताच्या दवाखान्यात गेले तर काउंटरवरची बाई म्हणते, "आजोबा, तुमची अपॉइंटमेंटच नाही." होती हो. माझ्या टेबलाखाली होती.

तुम्हाला सांगतो, मी घरून काम करतो, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट घेणारी सर्व्हिस सांभाळतो. बाहेरच्यांच्या प्रोग्रामनं तिच्याशी बोलायचं कसं, याची एक फाईल लिहून द्यावी लागते. तिची रचना ठरलेली. आधी अर्थ, म्हणजे तारीख कशाला म्हणायचं, पेशंट कशाला म्हणायचं. मग निरोप, तुम्ही काय पाठवणार, आम्ही उलट काय देणार. मग कामं, अपॉइंटमेंट दे, रद्द कर. मग बोलायची रीत. आणि हे सगळं झालं की अगदी तळाशी पत्ता, निरोप नेऊन द्यायचे कुठे ते. वरच्या भागांवर मी जीव ओतला, पेशंटचं वय शून्याच्या खाली जाऊ नये इथपर्यंत विचार केला... आणि पत्ता राहिला माझ्या टेबलाखालच्या मशीनचा. चाचणीपुरता टाकलेला, बदलायचा राहून गेला. आता शेवटची ओळ वाचतं कोण, सांगा?

दवाखान्यांच्या कंपनीतल्या ताईंनी ती फाईल त्यांच्या मशीनला भरवली, मशीननं त्यावरून आपोआप प्रोग्राम बनवला, झालं. अख्ख्या गावाचे दात माझ्या टेबलाखाली. आणि ते मशीन इतकं गुणी, येईल त्याला म्हणतं, "मिळाली, या." मीच शिकवलंय. नाही म्हणायला शिकवायचं राहिलं होतं.

मग ताईंचा फोन. नोकरीत नवीन, अजून कायम व्हायच्या. "दादा, माझंच काहीतरी चुकलं असणार, तुमची फाईल तर किती नीटनेटकी आहे. आमचे साहेब म्हणतात, संध्याकाळच्या मीटिंगमध्ये माझा निकालच लावणार." मी फाईल उघडली, तळाशी गेलो, तर तिथे माझ्याच मशीनचा पत्ता. तेव्हाच सांगायचं ना? पण तोंडातून काय निघालं, तर "बघतो हं, ताई." बघतो म्हणे! सगळं बघून झालेलं. शेवटची ओळ वाचतं कोण, हा विचार करून गप्प बसलो. लाज वाटली हो, स्वतःचीच.

आणि शेजारी सासरे, नेमके त्याच मशीनवर पाय टेकवून, फोन ऐकून सुजल्या तोंडानं म्हणतात, "पोरीचीच चूक अशणार. काढा तिला." दुपारी जेवताना दोघांनाही घास उतरेना. त्यांना दात दुखतो म्हणून, मला काहीच दुखत नसून.

मीटिंग सुरू झाली. साहेब स्क्रीनवरून ताईंवर तुटून पडले आणि मला राहवेना. "साहेब, त्यांचं काही चुकलं नाही. पत्ता मी चुकवला. शेवटची ओळ माझी आहे." मागे सासऱ्यांची गुळणी अर्ध्यात थांबली.

ताई शांतपणे म्हणाल्या, "मला सकाळीच दिसलं होतं, दादा. म्हटलं, तुम्ही आपणहून सांगताय का बघू. नाहीतर मी सांगणारच होते."

त्या तिथल्या तिथे कायम झाल्या. बरंच झालं म्हणा. तेव्हापासून माझी प्रत्येक फाईल आधी ताईंकडे जाते, आणि ताई ती वाचतात तळापासून वर... वरपर्यंत अजून एकदाही पोचलेल्या नाहीत.