पुढच्या सीटवरची बाजरी

तुम्ही हसाल, पण परवा माझ्या आईनं माझी बोलतीच बंद केली. मी पुण्याजवळ नव्या गाड्यांच्या धडक चाचणीचं काम करतो, हे तुम्हाला माहीतच आहे. गाडी मुद्दाम भिंतीवर आपटायची आणि आतल्या पुतळ्याला किती लागलं ते मोजायचं. तिसगावला घरी गेलो, तेव्हा आईला त्याचा व्हिडिओ दाखवला.

"ह्येच्या तोंडाला पिवळं काय? हळद लावली का?"

"रंग आहे. डोकं कुठं आपटलं ते कळतं."

"अन् ह्येला असं नीट बसवाया किती येळ लागतो?"

"मान, गुडघे, बेल्ट, सगळं मापात बसवायचं. अर्धा दिवस जातो."

"अर्धा दिस?" एवढंच म्हणून तिनं मोबाईल परत दिला. मी चार महिन्यांनी आलो होतो, तेही तासाभरासाठी.

निघताना तिनं बाजरीचं गच्च भरलेलं पोतं पुढच्या सीटवर ठेवायला लावलं. गाडी चालू केली, तर टिंग टिंग सुरू झालं.

"का वरडती रं ही?"

"सीटवर वजन आलंय ना, तिला वाटतंय माणूस बसलंय. बेल्ट लावा म्हणते. थांब, पोतं मागं टाकतो."

आईनं खिडकीतून माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे पुढंच. बेल्ट लाव त्येला. पुन्यापर्यंत मीच बसलीय समज."