आतल्या खोलीतला प्रतिपक्ष

—नाही, नाही, अशी मान डोलवू नका. मी आत्ता काय म्हणाले? तुम्ही चपला दारात वेड्यावाकड्या काढल्यात. आणि तुम्ही काय केलंत? जाऊन सरळ ठेवून आलात! अहो, भांडायला शिकायला आलायत ना? म्हणायचं — ‘बाई, चपला सरळ आहेत, तुमची फरशी तिरकी आहे.’ तिरकीच आहे ती. मुद्दाम ठेवलीय, प्रवेश परीक्षेसाठी. नापास झालात. बसा. तिथे नाही! ती खुर्ची प्रतिपक्षाची. स्टूल घ्या.

अमरावतीचे म्हणालात ना? आणि आता धायरीला फ्लॅट, आणि तुमच्या पार्किंगमध्ये दुसराच कोणी गाडी लावतो, आणि ‘सॉरी’ म्हणतं कोण — तुम्ही! लाजू नका, माझ्याकडे सगळे असेच येतात. आयटीतले तर फार. ईमेलवर वाघ आणि लिफ्टमध्ये शेळी. तर शैलाबाईंच्या क्लासचा नियम एकच, पाठ करा — मुद्द्याशी भांडायचं, माणसाशी नाही. ‘तुमची गाडी माझ्या जागेत आहे’ हा मुद्दा. ‘तुम्हाला अक्कल नाही’ हा झाला माणूस. पहिल्याने जागा मिळते, दुसऱ्याने जन्माचं वैर. पुण्यात दुसऱ्यानेही कामं होतात, नाही असं नाही, पण ते मी शिकवत नाही. शिकवलं नव्हतं. म्हणजे — नाहीच शिकवत.

रिकामी खुर्ची बघताय ना? तिथे आमचे हे बसायचे, बद्रीनाथ. सरावाला समोर कोणीतरी लागतं — हे बसायचे. वाट्टेल ती बाजू द्या! कॉलेजची मुलं म्हणाली परीक्षा नकोत, की हे म्हणणार हव्यात. मुलं हव्यात म्हणाली, की हे लगेच नकोत. आणि आवाज कधी चढवला नाही हो. समोरच्याला घाम फुटायचा आणि हेच त्याला पाणी आणून द्यायचे. घरीही तेच. आमटीत मी गूळ जास्त घालते की कमी, हा वाद लग्न झाल्या दिवसापासून चालू. कधी निकाल लागला नाही. लागू नये असंच मला — असो.

आणि आता महिनाभर आतल्या खोलीत बसून सगळ्याला ‘बरोबर आहे’. थांबा, दाखवते. अहो! पुण्यापेक्षा अमरावतीला मिसळ चांगली मिळते ना? — ऐकलंत? ‘बरोबर आहे’ म्हणाले! शनिवार पेठेत जन्मलेला माणूस! परवा मुद्दाम आमटीत गूळच घातला नाही, तर ‘छान झालीय’ म्हणून दुसरी वाटी घेतली. आणि परवाच्या बॅचला तनुजा म्हणून एक मुलगी, कधी नव्हे ती धीर करून उभी राहिली, म्हणाली, ‘सर, मला असं वाटतं की’ — आणि हे आतून ओरडले, ‘बरोबर आहे!’ अहो, काय वाटतं ते अजून सांगायचं होतं तिला! रडत घरी गेली. डॉक्टरकडे नेलं. कान चांगले, डोकं चांगलं. डॉक्टर म्हणतो, ‘काकू, नवरा सगळ्याला हो म्हणतो ही काय तक्रार झाली?’ पाऊण तास भांडले त्याच्याशी. मुद्द्यावर.

कारण? कारण काही नाही. तो विक्रम होता ना — माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. विषय साधाच, वर्गात मोबाइल असावा की नसावा. हे नसावाच्या बाजूने. विक्रम हरायला लागला आणि म्हणाला, ‘सर, तुम्हाला कोण विचारतं? तुम्ही बाईंच्या क्लासमधलं फर्निचर आहात.’ अख्खा वर्ग हसला. मी नाही! मला ठसका लागला. तोंडावर रुमाल धरला की ठसकाही हसल्यासारखाच ऐकू येतो, कोणाचाही. विक्रमला तिथल्या तिथे काढून टाकला मी. म्हणजे पुढच्या आठवड्यात. म्हणजे गेला तो आपणहून, दुसऱ्या क्लासला. आणि हे? उठले, आत गेले.

ऐका, तुमच्याकडून फी नको मला. तुम्ही फक्त आत जा आणि त्यांना चिडवा. काहीही बोला, पण एकदा ‘नाही’ म्हणायला लावा. घर इतकं गप्प झालंय की शेजारच्या नम्रताने विचारलं, काकू, गावाला गेला होतात का? मला करमत नाही हो. उठल्यापासून झोपेपर्यंत माझंच बरोबर, मग बोलायचं कोणाशी? जा ना. — नाही? बघा, इथे बरं ‘नाही’ म्हणता येतं तुम्हाला! राहू दे. मीच विचारते.

अहो, ऐकताय ना? त्या दिवशी मला ठसकाच लागला होता ना? या साहेबांना सांगा. — काय? मोठ्याने बोला. — ठसका नव्हता? ऐकलंत? नव्हता म्हणाले! ‘नाही’ म्हणाले हो! — काय? हसले? आणि दोनदा? दोनदा कधी? काहीतरी बोलू नका हं, एकदाच हसले मी! एकदाच! दुसऱ्या वेळी खरंच ठस—

…

तुम्ही उठा आता. नाही, उद्याही येऊ नका. दार ओढून घ्या.