पुढच्या काचेचं रबर

...नाही, तुम्हीच सांगा, एक काच आणि एक रबर, यात अवघड काय असणार? मेहुणाही हेच म्हणाला, "सोप्पंय हो, भावोजी!" आणि बाबांनी तिकडे हॉस्पिटलात डॉक्टरांनाच बजावलेलं, "अँब्युलन्स नको, टॅक्सी नको! दुपारी माझ्या गाडीतूनच घरी जाईन, नाहीतर इथेच राहतो!" आता गाडी माझ्याहून वयाने मोठी, तिच्या पुढच्या काचेचं रबर वाळून तुटलेलं, म्हणून काच काढून गादीवर निजवलेली... आणि ही फुटली ना, तर तुम्हाला सांगतो, दुसरी कुठे मिळत नाही!

तर मेहुण्याने नवं रबर काचेभोवती चढवलं, रबराच्या खाचेत दोरी घातली, साबणाचं पाणी फासलं. "तुम्ही बाहेरून दाबा, मी आतून दोरी ओढतो, रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते. सोप्पंय हो!" मी दाबतोय, तो ओढतोय... आणि अख्खी दोरी आली की त्याच्या हातात, रबर जागच्या जागी! पुन्हा काढा, पुन्हा साबण! डावीकडे बसलं की उजवीकडून निसटतंय, उजवीकडे दाबलं की वरून जीभ काढून दाखवतंय! शेवटी काचच घसरली, मी बॉनेटवर आडवा, काच माझ्या पोटावर, श्वास घ्यायची चोरी, आणि हा आतून काय म्हणतो? "तसेच पडून राहा भावोजी, सोप्पंय!"

एवढ्यात बायको आली. "अहो, फोन आलाय, बाबा कपडे करून कॉटवर बसलेत..." मला असं बघितलं, भावाला म्हणाली, "हो बाजूला!" आणि स्वतः आत बसली. "कसली रे घाई ओढायची? अहो, मी बोट ठेवते तिथेच दाबा. तिथेच!" बोट सरकतंय, मी थापटतोय, दोरी हळूहळू येतेय... कोपरा आला... देवा!... आणि फटकन बसली! अहो, मला रडूच आलं!

तशाच साबणाच्या हातांनी गाडी काढली. बाबा पुढे बसले, रबरावरून बोट फिरवलं. म्हटलं, आता शाब्बासकी! कसली शाब्बासकी? त्यांची चुळबुळ सुरू. "अरे, काचेच्या कडेने इथून नाकावर वारा यायचा... त्या बंद खोलीत मी रोज त्याचीच आठवण काढत होतो. कुठे गेला तो?"

घरी आलो, सुरी घेतली आणि कोऱ्या करकरीत रबराला माझ्या हाताने भोक पाडलं... बाबा सीटवर बसून नाकाने जागा दाखवत होते.