टॉवेल हाय की

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तोंडाला टॉवेल गुंडाळून ते रंगाचं पिस्तूल हातात घेतलं, आणि मी दारातनं म्हणलं की मामा, मास्क… तर काय म्हणावं माणसानं? "टॉवेल हाय की."

बघा आता. तुमाला सांगते, सोलापुरात सून म्हणून यायचं असलं तर टॉवेलाशी भांडायची तयारी ठेवूनच यावं. मी मंगळवेढ्याची, आमच्याकडं टॉवेल म्हणजे अंग पुसायचं कापड, दांडीवर वाळत घातलं की विषय संपला. हितं तो घरातला मोठा माणूस हाय! मामांची हयात मागावर टॉवेल विणण्यात गेली. ताप आला, ओला टॉवेल कपाळावर. ऊन लागलं, टॉवेल डोक्यावर. माझी काव्या रडायला लागली की टॉवेलाला गाठी मारून ससा. पोरगी चार वर्षांची झाली तरी अज्जाच्या खांद्यावर बसूनच दोन जिने उतरायची आणि चढायची, पडू नये म्हणून तिला काय बांधायचं? टॉवेल हाय की.

तर पिस्तुलाचं. जुळे सोलापूर भागातल्या आमच्या दोन खोल्या, त्यातली आतली काव्याला द्यायची ठरलं, जूनमधी शाळा सुरू होणार म्हणून. रंग तिनंच सांगितला, आभाळाचा. ती भिंतीवर खडू ओढती, पुसला की जावा म्हणून ऑइल पेंट घेतला. आता हे सगळं ब्रशनं झालं नसतं व्हय? पण आमच्या ह्यांचा दोस्त चन्नप्पा, तो कपाटं रंगवतो, तो म्हणला ब्रशच्या रेघा दिसतात वहिनी, माझं स्प्रेचं पिस्तूल न्या, भिंत आरशावानी होती. आदल्या संध्याकाळी आणून दिलं आणि आमाला सगळ्यांना उभं करून शाळेतल्या कवितेसारखं पाठ करून घेतलं. खिडक्या उघड्या. गॅस, दिवा, उदबत्ती बंद, थिनर पेट घेतो. पिस्तूल माणसाकडं रोखायचं न्हाय. टोक तुंबलं तर आधी मशीन बंद, वायर काढायची, मगच हात लावायचा. आणि हा मास्क, म्हणून त्यानं पिशवीतनं काढला, दोन्ही गालांवर दोन डब्या असलेला, हा काम होईस्तवर नाकावरनं काढायचा न्हाय. मास्क एकच. पिस्तूल एक, माणूस एक, मास्क एक. बरोबरच हाय की त्याचं.

रंग रविवारी हे मारणार होते. पण मामांना कुटला धीर? सकाळी हे ड्युटीवर गेले की मामा बनियनवर उभे. म्हणले संध्याकाळी पोरीला दार उघडून दाखवू, तिचं तोंड कसं होतंय बघ.

मी काव्याला खाली पार्किंगमधी नेणार होते, तरी माझा जीव थाऱ्यावर न्हाय. वास जिन्यातनं खाली आला तर? सर्दी झाली की हिची छाती घरघर वाजती, त्यात हे थिनर… मी बोलत सुटले. मामांनी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं आणि म्हणले, "साकु." त्यांच्या कन्नडात साकु म्हणजे पुरे. स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढला आणि पोरीला घातला.

मी म्हणलं, मामा, मग तुमाला?

"टॉवेल हाय की. मी विणलेला हाय, सूनबाई. बादलीभर पाणी पितो ह्यो, चमचाभर रंग पिणार न्हाय व्हय?"

मी काय करायचं? म्हणलं परत एकदा, आणि पोरीला घेऊन खाली आले. खाली उघड्या हवेत, दोन मजले लांब, माझी लेक तो एवढा मोठा मास्क लावून पायरीवर बसली, डोळे तेवढे बाहेर, हत्तीच्या पिल्लावानी. जो तो विचारतोय, ताई, हिला काय झालंय? आणि वर म्हातारा माणूस टॉवेल गुंडाळून.

बरं, खिडक्या तरी? शेजारच्या नीलम्मांनी बाल्कनीत शेवया वाळत घातलेल्या. त्यांचं आपलं चालूच, निळ्या शेवया आमच्या जावयाला वाढू का वो? म्हणून मामांनी खिडक्या लावल्या. पंख्यानं रंग उडतो म्हणून पंखा बंद. मे महिना. सोलापूर. आता सांगा मला… न्हाय, नका सांगू.

बराच वेळ झाला तरी हाक न्हाय, म्हणून मी वर गेले. दार ढकललं तर धुकं. सोलापुरात, भर मे महिन्यात, निळं धुकं! आणि त्यात मामा उभे, हात एका चालीत हिकडनं तिकडं, मागावर धोटा फिरतो तसा. भिंत, तुमाला सांगते, लई देखणी झालेली. एक ओघळ न्हाय.

ओढतच बाहेर आणलं. टॉवेल सोडला तर आतली घडीसुद्धा निळी. मिशा निळ्या. माझ्यामागं वर आलेली काव्या मास्कमधनं खुदकन हसली, मलाही हसू फुटलं, आणि आमाला बघून मामा हसले. त्या हसण्याचा मधीच खोकला झाला. तो थांबलाच न्हाय.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तोंडाला काय बांधलं होतं? मामांनी बोटानं माझ्या हातातला टॉवेल दाखवला. डॉक्टर म्हणले, "आजोबा, हे तुषार डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक असतात, आणि थिनरची वाफ कापड अडवत नाही. तुमच्या छातीत आधीच मागावरचा कापूस आहे." मी मामांकडं बघत उभी राहिले. वाटलं, आता म्हणतील. म्हणतील की!

मामांनी तो टॉवेल माझ्या हातातनं घेतला आणि मांडीवर ठेवून त्याची घडी घातली.

आता ते बाल्कनीत खुर्चीवर असतात. जिना बंद. त्या खोलीतला वास जाईस्तवर तिकडं फिरकायचं न्हाय, म्हणून आभाळाला कडी घातलीया, आणि पोरगी म्हणती अज्जाशिवाय मी आत जाणार न्हाय. मामांच्या तोंडाला दिवसातनं कितीदा वाफेच्या मशीनचा मास्क. एवढं बोंबलून सांगितलं तेव्हा घातला न्हाय, आता काढू म्हणलं तर काढवत न्हाय. काव्या त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून म्हणती, "अज्जा, तुझी पाळी झाली की. आता मला दे." मामा तिच्या डोक्यावर हात ठेवतात. मला विचारती, अज्जा मला खांद्यावर कधी घेणार? मी म्हणते, शाळा सुरू झाली की. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, आता हाय एवढ्याच दमावर भागवायचं.

तुमी एवढं करा. वळखीपाळखीत कुणी ते पिस्तूल घरात आणलं तर माझं नाव सांगून सांगा, वैजयंती म्हणती म्हणून. खिडक्या उघडा, शेवया निळ्या झाल्या तर होऊ द्या, दुसऱ्या करता येतात. मास्क एकच असला तर जो रंग मारतो त्याचाच तो, बाकीच्यांनी गपगुमान लांब जायचं. आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणलंच की टॉवेल हाय की… तर त्याला म्हणा, व्हय, हाय. पण तो मागनं डोळे पुसायला.