‘दुरुस्त केले’ असा शेरा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या, प्रकल्पाचे संस्थापक सदस्य, सत्कारमूर्ती काकू, आणि आपापली मशीनं पाठीवर लादून आलेल्या चाचणीकार मित्रमैत्रिणींनो,

माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनीही ‘आपलं कुटुंब’ हा शब्द वापरला. मला ‘काकूंच्या गमतीदार आठवणी’ असा विषय दिलाय. अध्यक्षांची क्षमा मागून तो बाजूला ठेवतो.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. युनिक्सच्या घराण्यातल्या एका मोफत संगणकप्रणालीसाठी आपण डेस्कटॉप बनवतो. म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, फायली हाताळायची साधनं. नवी आवृत्ती लोकांना देण्याआधी काही माणसं ती स्वतःच्या मशीनवर चालवून बघतात. हौसेनं. फुकट. काकू त्यातल्या. छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितशोधक होत्या, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमच्यात आल्या. मघाशी त्यांना दिलेल्या मानचिन्हावर ‘परिक्षक’ असं कोरलंय. री ऱ्हस्व! काकूंनी ते वाचलं, आणि वाचताना मी त्यांच्याकडे बघत होतो. जिनं नऊ वर्षं आपल्या चुका काढल्या, तिच्या निरोपाचा एक शब्द आपल्याला तपासून घेता येऊ नये?

असो. गेल्या आवृत्तीच्या चाचणीत काकूंनी एक तक्रार नोंदवली. एखादं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर हलवताना ती डिस्क मध्येच भरली, तर निम्म्याच फायली तिकडे पोचतात, आणि इकडचं मूळ फोल्डर मात्र सगळं पुसलं जातं. तक्रारी तपासायचं काम माझं. माझी डिस्क अवाढव्य, ती भरतेय कशाला! मी शेरा मारला, ‘असे आढळले नाही.’ काकूंचा फोन आला.

“अरे, छोटा पेनड्राइव्ह घे की. चटकन भरेल असा.”

“बघतो, काकू.”

“बघतो म्हणजे कधी? तारीख जाहीर करून बसलायत तुम्ही.”

“आजच बघतो.”

नाही बघितलं. चार दिवस उरले होते, आणि उघड्या तक्रारी शून्यावर आल्याशिवाय आवृत्ती सोडायची नाही, असा आपलाच नियम. तेवढी एकच उरली होती. मी शेरा बदलला, ‘दुरुस्त केले.’ एका ओळीलाही हात न लावता.

काकूंनी ते पुन्हा तपासलं असतंच. पण त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून त्यांनी फोनवरच विचारलं, “झालं ना रे नक्की? दादाला नवी आवृत्ती घ्यायला सांगू?”

मी म्हणालो, “खुशाल सांगा.”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. घड्याळं दुरुस्त करतात. कुठलंही घड्याळ उघडण्याआधी ते प्रत्येक चाकाचा फोटो काढायचे, खाली टिपण लिहायचे. सहा वर्षांचं ते काम एका फोल्डरमध्ये होतं. जपून राहावं म्हणून त्यांनी ते बाहेरच्या डिस्कवर हलवलं. डिस्क भरली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

काकू डोळ्यावर पट्टी बांधून कार्यालयात आल्या. माझ्या टेबलावर ती डिस्क ठेवली. “यात निम्मं आहे,” म्हणाल्या. “बाकीचं कुठे आहे?”

त्यांच्या समोरच मी कोड उघडला. सगळं पोचलं का, हे न विचारताच मूळ फोल्डर पुसलं जात होतं. चार ओळी घालाव्या लागल्या. मधल्या चहासकट सव्वा तास! तेवढाही वेळ मी दिला नव्हता.

आणि मग ही दुरुस्ती लोकांना देताना आपण काय जाहीर केलं? ‘किरकोळ सुधारणा.’ हे शब्द माझे, मंजुरी अध्यक्षांची. त्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, “वापराच्या परवान्यातच लिहिलंय ना, कसलीही हमी नाही म्हणून!” सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

मी दादांच्या दुकानात गेलो. डोळ्याला भिंग लावून ते काम करत होते. फळीवर डबे मांडलेले होते, प्रत्येकात एक सुटं केलेलं घड्याळ.

“चौदा आहेत,” ते म्हणाले. “कुठलं चाक कुठे बसतं ते त्या फोटोंत होतं.”

“मी काही मदत करू का?”

त्यांनी मान वर केली नाही. “तुम्ही तिकडे बसा. कशाला हात लावू नका.”

तीन महिन्यांत नऊ घड्याळं त्यांनी आठवून आठवून जुळवली. पाच जणांनी आपापली घड्याळं सुटी, डब्यातनंच परत नेली. निमंत्रणपत्रिकेत काकूंच्या जाण्याचं कारण ‘वैयक्तिक’ असं छापलंय. वैयक्तिक कसलं! दादा तोंडानं सांगतात आणि काकू शेजारी बसून ती टिपणं पुन्हा लिहून काढतात. वहीत. आपल्या प्रणालीत नाही.

आज सकाळी मी त्या जुन्या नोंदीवर खरा शेरा लिहिला. ‘न तपासता, खोटा शेरा मारून बंद केली.’ खाली माझं नाव. ती नोंद कुणालाही वाचता येते. तक्रारी बंद करण्याचा माझा अधिकार मी सोडत असल्याचं पत्र अध्यक्षांच्या हाती दिलंय.

काकू, थांबा असं म्हणायला मला तोंड नाही. तुम्ही जाताय ते बरं करताय.

आयोजकांचे, आणि हे सगळं मुकाट्यानं ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणा मान्यवरांचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द अधिकउणा गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.